‘ऑल राइट?’ला उत्तर किती लांब द्यायचं?

“ताई, मी मूळची जळगावची, फिजिओथेरपिस्ट आहे. गेल्या सप्टेंबरपासून नॉटिंगहॅमच्या एका सरकारी रुग्णालयात नोकरी करतेय. काम जमतंय, पेशंट खूश आहेत. जमत नाही ते बोलणं. माझं इंग्रजी चांगलं आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. सकाळी कुणीतरी ‘यू ऑल राइट?’ म्हणतं आणि मी उत्तराला तोंड उघडेपर्यंत ती व्यक्ती जिन्यापाशी पोचलेली असते. टी-रूममध्ये अर्धा अर्धा तास पाऊस, ऊन, ट्राम आणि बिस्किटं. जूनमध्ये सगळे उकाड्याने हैराण झाले होते, तेव्हा मी म्हटलं, ‘हे तर काहीच नाही, आमच्या जळगावला मे महिन्यात पंचेचाळीस असतं.’ सगळे गप्प झाले. एका सहकारी बाईंना सहज विचारलं, तुम्हाला मुलं किती? ‘नो, जस्ट द टू ऑफ अस,’ म्हणून त्या कप धुवायला उठल्या. दुसरी एक तीनदा म्हणाली, एकदा घरी यायला हवंस तू. अजून बोलावलेलं नाही. मी सावळी, परकी, म्हणून हे असं होतंय का? की माझंच काही चुकतंय? पुढच्या महिन्यात आमच्या एक सीनियर निवृत्त होताहेत. त्यांचा निरोप पबमध्ये आहे आणि मी दारू पीत नाही. जाऊ की नको?”

नॉटिंगहॅमकर मैत्रिणी,

ताई म्हणालीस, म्हणून थेट अगं-तुगं करते. पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण झोप उडवणारा एकच आहे: मी परकी म्हणून हे होतंय का? तो मी टाळणार नाही. फक्त थोडं थांब, कारण त्या टी-रूममध्ये जे चालतं त्यातलं किती तुझ्याबद्दल आहे आणि किती कुणाबद्दलच नाही, हे आधी निवडून घ्यायला हवं.

‘यू ऑल राइट?’ घेऊ. जळगावात पिशवी घेऊन घराबाहेर पडलीस की ओट्यावरच्या काकू विचारतात, “काय गं, कुठे निघालीस?” तू म्हणतेस, “इथंच, आलेच जाऊन.” काकूंना तुझा ठावठिकाणा नको असतो आणि तुलाही तो द्यायचा नसतो. त्यांनी तुला पाहिलं, तू त्यांना पाहिलंस, एवढ्यावर काम झालं. तिथं थांबून ‘आधी बँकेत केवायसी, मग फुले मार्केटात ब्लाउजपीस, मग आत्याकडे’ अशी यादी वाचलीस तर काकूच जांभई देतील. ‘ऑल राइट?’चं तसंच आहे. चालता चालता “यस, थँक्स, यू?” एवढं पुरे, आणि उलट “ऑल राइट?” एवढंच म्हणालीस तरी बिघडत नाही. जुन्या पिढीत तर ‘हाऊ डू यू डू’चं उत्तरही ‘हाऊ डू यू डू’ हेच होतं. तुझ्या भागात त्याच जागी ‘ए अप, मी डक’ येतं, म्हणजे आपल्या ‘काय गं बाळा’सारखं. बसचा ड्रायव्हर, भाजीवाली, ऐंशी वर्षांचे आजोबा, कुणीही तुला डक म्हणेल. त्यात सलगी नाही आणि अपमान तर मुळीच नाही.

पण कुणी थांबून, तुझ्याकडे बघत, ‘आर’वर जोर देऊन “आर यू ऑल राइट?” असं विचारलं, तर तो खरा प्रश्न असतो. तुझा चेहरा उतरलेला त्यांना दिसलाय. तिथं दोन वाक्यं खरी सांगायला हरकत नाही.

आता हवा. हा त्यांचा जुना खेळ आहे. इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनने १७५८ सालीच लिहून ठेवलंय की दोन इंग्रज भेटले की पहिलं बोलणं हवामानाचं असतं, आणि जे दोघांनाही आधीच ठाऊक आहे तेच एकमेकांना सांगायची त्यांना घाई झालेली असते. जॉन्सन चिडवत होता, पण त्याने दुखरी नस बरोबर पकडली. हवा कुणाच्या मालकीची नाही. तिच्यावरून कुणाची जात, पगार, पक्ष कळत नाही. आणि इंग्लंडात ती सकाळ-संध्याकाळ बदलत असल्यामुळे विषय शिळाही होत नाही. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, एप्रिलमध्ये ऊन पडतापडता गारा पडतात. बोलायला रोज नवं काहीतरी मिळतंच.

या खेळाला एक नियम आहे, तो म्हणजे दुजोरा द्यायचा. “बिट निपी टुडे, इझन्ट इट?” (आज जरा गारठा आहे, नाही?) याला “खरंच, नाही का” एवढंच म्हणायचं. थर्मामीटर काढायचा नाही. जूनमध्ये तू नेमका तो काढलास. ते म्हणत होते, आपण सगळे मिळून उकडतोय. तू म्हणालीस, तुम्ही कुठे उकडताय! माहिती तुझी अगदी बरोबर होती, पण तुझ्या वाक्याने तू त्या ‘आपण’मधून बाहेर पडलीस. शिवाय त्यांचं हैराण होणं खोटं नसतं. त्यांची घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली असतात. छताला पंखा नाही, घरात एसी नाही, आणि खिडकी उघडते ती चार बोटं. १९ जुलै २०२२ ला तुझ्या शेजारच्याच लिंकनशायर परगण्यात कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले. ब्रिटनच्या इतिहासात पारा चाळिशीपार जाण्याचा तो पहिला दिवस होता, आणि लोक अजून त्या दिवसाबद्दल बोलतात. पुढच्या वेळी म्हण, “रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या.” मग कुणीतरी हमखास म्हणेल, “पण तुला तर सवय असेल!” तेव्हा जळगाव बाहेर काढ: “सवय आहे, पण तिथं पंखा होता!” तीच गोष्ट, पण आता ती त्यांनी विचारलेली आहे.

म्हणजे मुद्दा एवढाच. आपल्याकडे आपुलकी माणसाला धरून ठेवते: बस गं, चहा घे, जेवूनच जा. त्यांच्याकडे आपुलकी समोरच्याला निसटायला वाट ठेवते. “आय विल लेट यू गेट ऑन,” असं कुणी म्हणालं की त्याला स्वतःला जायचं असतं, पण वाक्य असं घडवलेलं असतं की जणू तुझाच वेळ वाचवतोय. तुझ्या पत्रातल्या निम्म्या कोड्यांना ही किल्ली लागते.

मुलांच्या प्रश्नाला तर नक्कीच लागते. आपण आडनाव, गाव, लग्न, मुलं आणि जमलं तर पगारही विचारतो, तेव्हा त्यामागे एक शोध असतो. “म्हणजे पारोळ्याच्या पाटलांचे तुम्ही कोण?” कुठेतरी नात्याचा धागा सापडला की दोघंही सुखावतात. पण ‘मुलं किती?’ या प्रश्नातून त्या बाईंना निसटायला वाटच नव्हती. कदाचित मूल हवं होतं आणि झालं नाही. कदाचित नकोच होतं. दोन्हीपैकी काहीही साडेदहाच्या चहाला चारचौघांत सांगण्यासारखं नसेल. पगार, घराची किंमत, वय, धर्म, कुणाला मत दिलं, हेही तसेच. (घरांच्या किमती एकूण किती वाढल्या यावर मात्र ते तासभर बोलतील. फक्त ‘तुमचं घर केवढ्याला पडलं?’ विचारायचं नाही.)

त्यांची रीत अशी की विचारायचं नाही, स्वतःचं थोडं पुढे ठेवायचं आणि थांबायचं. शुक्रवारी म्हण, “उद्या मी दिवसभर झोपणार आणि मग वांग्याचं भरीत करणार. तुमचा काही छान बेत?” समोरची म्हणेल, “काही नाही, बाग आवरायची.” किंवा म्हणेल, “मुलीकडे जायचंय.” झालं, मुलगी आहे हे तिनेच सांगितलं. सोमवारी “वीकेंड कसा गेला?” या प्रश्नालाही एकच गोष्ट सांगायची, पूर्ण कार्यक्रमपत्रिका नाही. आणि ज्या बाई कप धुवायला उठल्या, त्यांची माफी मागायला जाऊ नकोस, त्यांना अजून अवघडेल. एखाद्या दिवशी सिंकपाशी शेजारी शेजारी उभ्या असताना किंवा गाडीतून जाताना त्या आपणहून काहीतरी सांगतील. समोरासमोर बसून, डोळ्यांत डोळे घालून मन मोकळं करणं इंग्रजांना अवघड जातं. नजर दुसरीकडे असली की जमतं. म्हणून तर त्यांना कुत्री इतकी उपयोगी पडतात. रस्त्यात अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, पण त्याच्या कुत्र्याशी खुशाल बोलायचं, आणि उत्तर मालक देतो.

हे त्यांनाही सोपं जात नाही, हे लक्षात ठेव. २०१६ मध्ये एका अमेरिकन माणसाने लंडनच्या भुयारी रेल्वेत ‘ट्यूब चॅट?’ असे बिल्ले वाटले. ज्याला गप्पा मारायच्या आहेत त्याने बिल्ला लावायचा, एवढीच कल्पना. लंडनकरांना धडकीच भरली, आणि लगेच ‘माझ्याशी बोलण्याचा विचारही करू नका’ अशा अर्थाचे उलटे बिल्ले निघाले. दुसरीकडे, २०१८ मध्ये सरकारला एकटेपणासाठी मंत्री नेमावा लागला. त्याच्या पुढच्या वर्षी सॉमरसेटमधल्या बर्नहॅम-ऑन-सी इथं बाकांवर पाट्या लागल्या, की कुणी येऊन बोललेलं चालणार असेल तर इथं बसा. गप्पांची भूक त्यांनाही आहे. सुरुवात कुणी करायची, तिथं गाडं अडतं. लंडनपेक्षा तुझा मिडलँड्सचा भाग आणि त्याच्या वरचा उत्तर भाग जास्त बोलका आहे, तेवढं नशीब तुझं चांगलं. आणि तुमच्यात कुणी स्कॉटिश किंवा वेल्श असेल तर त्याला इंग्लिश म्हणू नकोस. तिथं हवामानाच्या गप्पाही वाचवणार नाहीत.

बिस्किटांवरच्या चर्चेला हसू नकोस. ज्यात कुणाचं काही जात नाही असं भांडण त्यांना फार आवडतं. संत्र्याची जेली आणि वर चॉकलेट असलेला जाफा केक हा केक की बिस्किट, हा वाद १९९१ मध्ये कर न्यायाधिकरणापुढे गेला होता, कारण चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर व्हॅट लागतो आणि केकवर लागत नाही. निकाल केकच्या बाजूने लागला, तरी टी-रूममध्ये तो खटला आजही चालू आहे. स्कोन नावाच्या केकसारख्या छोट्या पावावर आधी जॅम लावायचा की आधी क्रीम, यावर कॉर्नवॉल आणि डेव्हन हे दोन परगणे हटून बसलेत. आणि सँडविचच्या त्या गोल पावाला तुमच्याकडे कॉब म्हणतात, मँचेस्टरकडे बार्म, कॉव्हेंट्रीत बॅच. टीममध्ये बाहेरगावचं कुणी असेल तर एकदा भोळेपणाने विचार, “याला नक्की म्हणतात तरी काय?” आणि मजा बघ. अर्धा तास तुला एक शब्द बोलावा लागणार नाही आणि सगळ्यांना वाटेल की आज तू खूप गप्पा मारल्यास.

आता जे तू विचारलेलं नाहीस ते सांगते, कारण तुझ्या पेशात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. इंग्रज माणूस कमी करून बोलतो. १९८२ च्या जूनमध्ये ब्रिटिश एअरवेजचं जंबो विमान जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत सापडलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं की आपल्यापुढे एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं थांबली आहेत, ती सुरू करायचा आम्ही आटोकाट प्रयत्न करतोय, तुम्हाला फार काळजी वाटत नसावी अशी आशा आहे. इंजिनं पुन्हा सुरू झाली, विमान जकार्त्यात सुखरूप उतरलं, म्हणून आज हसता येतं. पण एप्रिल १९५१ मधली कोरियातल्या इमजिन नदीवरची लढाई घे. चिनी फौजेने वेढलेल्या ब्रिटिश ब्रिगेडच्या प्रमुखाने अमेरिकन वरिष्ठाला कळवलं की परिस्थिती जरा अवघड आहे. अमेरिकन माणसाने ‘जरा’ म्हणजे जराच असं धरलं, असं सांगितलं जातं. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या त्या बटालियनचे बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैद झाले. ऐकणारा दुसऱ्या मुलखाचा असला की ही भाषा अशी घात करते.

आणि तुझ्या वॉर्डात ऐकणारी दुसऱ्या मुलखाची आहेस तू. खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेल्या आजी झिमर फ्रेम (चालायला आधार देणारी चौकट) धरून म्हणतील, “नॉट टू बॅड, डक. बिट सोर.” त्याचा अर्थ रात्रभर डोळा लागलेला नाही असाही असू शकतो. ‘मस्टन्ट ग्रंबल’ म्हणणारे आजोबा तक्रार करायचीच नाही अशा शिकवणीत वाढलेले असतात. आपल्याकडचा पेशंट दुखणं मोठं करून सांगतो, कारण त्याला भीती असते की नाहीतर डॉक्टर लक्ष देणार नाही. यांची भीती उलटी: आपल्यामुळे कुणाला त्रास नको. म्हणून कसं वाटतंय असं मोघम विचारू नकोस. शून्य ते दहामध्ये आकडा माग, बसून किती आणि पाऊल टाकताना किती, हे वेगवेगळं. आणि मग विचार, “या आठवड्यात करायचं होतं पण जमलं नाही, असं काय?” “मोजे,” असं उत्तर येईल. त्या एका शब्दात तुला हवं ते सगळं असेल. तोच प्रकार वरिष्ठांचा. “यू माइट वॉन्ट टू हॅव अनदर लुक अॅट दॅट,” असं त्या म्हणाल्या की ते आजच करायचं असतं.

उलट दिशेनेही सांभाळ. ‘लिफ्ट युअर लेग’ व्याकरणात बरोबर आहे, पण कानाला हुकूम वाटतो. घरी आपण आईला प्लीज-थँक्यू म्हटलं तर ती म्हणेल, परकी झालीस का गं? इथं ते नसलं तर माणूस रागावलाय असं वाटतं. तुझ्या इंग्लिश सहकाऱ्यांकडे कान दे. त्या म्हणतात, “पॉप युअरसेल्फ अप ऑन द बेड फॉर मी.” हे ‘पॉप’ त्या देशाच्या दवाखान्यांत दिवसभर ऐकू येतं. पाय पॉप करायचा, कपडे खुर्चीवर पॉप करायचे, सुईसुद्धा पॉप करून टोचतात. बसमधून उतरताना ड्रायव्हरला ‘थँक्स’, दारात कुणी धडकलं तर चूक त्याची असली तरी ‘सॉरी’. चार दिवसांत अंगवळणी पडेल.

पेशंटशी गप्पांचा विषय हवा असेल तर शहर तुला देतंय. साठीच्या पुढच्या पुरुषाला फक्त विचार, “फॉरेस्ट की काउंटी?” हे नॉटिंगहॅमचे दोन फुटबॉल क्लब. काउंटी हा १८६२ चा आहे. फॉरेस्टने प्रशिक्षक ब्रायन क्लफच्या हाताखाली १९७९ आणि १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला. क्लफचा पुतळा मार्केट स्क्वेअरजवळच आहे. हे माहीत असलं की तो माणूस गुडघ्याचे सगळे व्यायाम बोलता बोलता करून टाकेल. आणि क्रिकेटवाला निघाला तर तुझ्याजवळ हुकमाचा एक्का आहे. २००७ ची ट्रेंट ब्रिज कसोटी. आपला श्रीरामपूरचा झहीर खान फलंदाजीला आला तेव्हा इंग्लंडच्या खेळाडूंनी खेळपट्टीवर जेली बीन्स टाकून ठेवल्या. झहीर भडकला, दुसऱ्या डावात पाच बळी घेतले, आणि भारत सात गडी राखून जिंकला. ही गोष्ट नॉटिंगहॅमच्या माणसाला हसत हसत सांगितलीस तर तोही हसेल आणि तुला चिडवेल. चिडवलं की समज, खातं उघडलं. कुणी तुझी थट्टा करू लागलं तर ते बहुतेक जवळ घेणं असतं. नुसतं गोड गोड बोलत राहिले तर अंतर अजून आहे. फक्त स्वतःची बढाई मारायची नाही, आणि कुणी ‘माझा स्वयंपाक म्हणजे भयंकर’ म्हणालं तर मान डोलवायची नाही.

घरी बोलावण्याचं थोडक्यात सांगते. ‘वी मस्ट हॅव यू राउंड’ हे आमंत्रण नसतं, सदिच्छा असते. आमंत्रणाला वार आणि वेळ असते. आपल्याकडेही लग्नात भेटलेल्यांना ‘या ना एकदा घरी’ म्हणतोच आपण, आणि ते दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले तर? तिची वाट बघत बसू नकोस. तूच वार दे आणि वाटही ठेव: “पुढच्या शनिवारी अकराच्या सुमारास गावात कॉफी घेऊ या? जमत नसेल तरी काही नाही.” भेटायचं कुठे हे शहराने आधीच ठरवून ठेवलंय, कौन्सिल हाउससमोरचा डावीकडचा सिंहाचा पुतळा.

आता तो जड प्रश्न. तू सांगितलेल्या घटनांमध्ये, माझ्या मते, रंगाचा संबंध दिसत नाही. जळगावच्या उन्हाबद्दल तेच वाक्य सिसिलीहून आलेल्या गोऱ्या मुलीने म्हटलं असतं तरी तीच शांतता पसरली असती. पण म्हणून ‘तिथं तसं काही नसतं’ असं मी सांगणार नाही. असतं. ओळखायचं कसं, तर चहावरून. वॉर्डच्या टी-रूममध्ये जो किटली लावायला उठतो तो सगळ्यांना विचारतो: “एनीवन फॉर अ ब्रू?” कुणाला दूध किती, साखर आहे की नाही, हे हळूहळू पाठ होतं. प्रत्येकाचा मग ठरलेला असतो, दुसऱ्याच्या मगला हात लावायचा नाही. दूध आणि टी-बॅगच्या डब्यात महिन्याचे पैसे टाकायचे असतात. टाकतेस ना? नसशील तर आजच विचार. आपल्याकडे चहा आपोआप सगळ्यांचाच होतो, म्हणून तू कदाचित तुझ्यापुरता कप करून परत जात असशील, आणि तिथं ते फार डोळ्यांवर येतं. आता दोन आठवडे तू उठशील तेव्हा सगळ्यांना विचार. गणपतीत मोदक नेऊन टेबलावर ठेव, शेजारी चिठ्ठी: यात काजू आणि दूध आहे. अॅलर्जीच्या बाबतीत ते काटेकोर असतात आणि ते बरोबरच आहे. त्यानंतरही बाकी सगळ्यांना चहा विचारला जातो आणि तू समोर असून तुला वगळलं जातं, तुझ्या उच्चारांची नक्कल होते, सणासुदीच्या आणि नको असलेल्या पाळ्या नेमक्या तुझ्याच वाट्याला येतात, असं दिसलं तर तो हवामानाचा भाग नाही. तारीख-वार टिपून ठेव. तुझी व्यावसायिक संस्था, चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी, ही कामगार संघटनाही आहे. सभासद असलीस तर तिचा प्रतिनिधी गाठ. सरकारी रुग्णालयांत ‘फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन’, म्हणजे तक्रार मोकळेपणाने मांडायला मदत करणारा माणूस, नेमलेला असतो. २०१० चा समानता कायदा तुझ्या बाजूने आहे. तिथं मात्र कमी करून बोलू नकोस.

बाकी मन भरून बोलायची, कुणाची कोण ते शोधायची भूक टी-रूमकडून भागवून घेऊ नकोस. नॉटिंगहॅम-लेस्टर भागात मराठी माणसं आहेत, लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं आहे. तिथं जाऊन पगारासकट सगळं विचार आणि सांग.

पबमध्ये जा, नक्की जा. टेबलावर कुणी ऑर्डर घ्यायला येईल म्हणून बसून राहू नकोस, बारपाशी जाऊन मागायचं आणि तिथंच पैसे द्यायचे. लाइम अँड सोडा माग. दारू का नाही, असं बहुधा कुणी विचारणार नाही. विचारलंच तर ‘आय डोन्ट ड्रिंक’ एवढं पुरे, कारण द्यायची गरज नाही. कुणी “व्हॉट आर यू हॅविंग?” म्हणत तुझंही आणायला निघालं, तर तू त्या राउंडमध्ये आलीस. मग तुझी पाळी आली की सगळ्यांचं तू आणायचं, त्यांच्या बिअरसकट. ते नको असेल तर पहिल्यांदाच सांग: “मी एकच घेऊन निघणार आहे, माझं मी आणते.” कुणाला वाईट वाटत नाही. त्या सीनियर बाईंशी दोन मिनिटं बोल, पुढे काय बेत म्हणून विचार. वय विचारू नकोस. निघायचं झालं की मांड्यांवर हात आपटून “राइट!” म्हणायचं, म्हणजे सगळ्यांना कळतं. त्यानंतरही दहा मिनिटं उभ्याने बोलणं होतं, त्या बाबतीत ते अगदी आपल्यासारखेच. आणि त्या आधी आठवडाभर एक मोठं पाकीट हातोहात फिरत असेल, आत सह्यांचं कार्ड आणि वर्गणी. ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही तर मागून घे. नुसतं ‘ऑल द बेस्ट’ लिहू नकोस, ते सगळ्यांनी लिहिलेलं असेल. त्यांनी तुला पहिल्या आठवड्यात जे काही शिकवलं असेल, ते एका ओळीत लिही. पाकिटात पाच पाउंड पुरेत.

तुझी,
ताई